छत्री केव्हा उघडावी?



१२ एप्रिल २०१६ च्या पहाटे लातूरच्या रेल्वेस्थानकात एक गाडी आली. तिच्यात प्रवासी नव्हते. दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी मिरजेहून साधारण ३४० किलोमीटरचा प्रवास करून लातूरकरांच्या तहानेसाठी आले होते. पुढे पन्नास वाघिणींची गाडी सुरू झाली आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. 'जलदूत' हे नाव तेव्हा देशभर गाजले. त्याआधी मार्चमध्येच पाण्याच्या टाक्या आणि सार्वजनिक विहिरींभोवती जमाव करण्यास मनाई करणारा आदेश जिल्हा प्रशासनाला काढावा लागला होता. पाण्यासाठी जमावबंदी! विद्येच्या 'लातूर पॅटर्न'मुळे ज्या शहराचे नाव महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचले, त्याच्यावर ही वेळ आली.

जलदूत चालवणाऱ्या रेल्वे कर्मचाऱ्यांचे आणि मिरजकरांचे ऋण लातूर विसरणार नाही. परंतु कृतज्ञतेपलीकडे एक प्रश्न उरतो. ही वेळ येणार, हे कधी कळले होते? २०१४ आणि २०१५ असे सलग दोन पावसाळे हुकले होते. धनेगावच्या मांजरा धरणाने तळ गाठल्याचे २०१५ चा पावसाळा सरतानाच दिसत होते. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ च्या दुष्काळाच्या काळापासून कार्यरत आहे. निरीक्षण विहिरींची पातळी ती वर्षातून ठरावीक वेळा मोजते आणि ऑक्टोबरच्या नोंदीवरून संभाव्य टंचाईचा अंदाज वर्तवते. म्हणजे ऑक्टोबर ते एप्रिल असा सहा महिन्यांचा अवधी हाताशी होता. माहिती होती, निर्णय उशिरा झाले. यंत्रबुद्धीचा विचार करताना मराठवाड्याने सुरुवात या अनुभवापासूनच केली पाहिजे.

छत्री आणि पर्जन्ययाग

२०१५ सालीच अमेरिकेतील संगणकशास्त्रज्ञ जॉन क्लाइनबर्ग, भारतात जन्मलेले अर्थशास्त्रज्ञ सेंथिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक छोटा पण महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. राज्यकर्त्यांपुढे दोन प्रकारचे प्रश्न असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे. दुष्काळात एक राजा विचारतो, पावसासाठी नृत्य-अनुष्ठान करावे का? दुसरा माणूस आभाळाकडे पाहून विचारतो, छत्री बरोबर घ्यावी का? पहिल्याला कार्यकारणभाव कळायला हवा, कारण अनुष्ठानाने पाऊस पडतो की नाही यावर त्याचा निर्णय अवलंबून आहे. दुसऱ्याला पाऊस पाडायचा नाही. तो येणार की नाही एवढे कळले की त्याचे काम होते. ज्याला 'मशीन लर्निंग' किंवा यंत्रशिक्षण म्हणतात, ते शास्त्र या दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नाला उपयोगी पडते.

आपल्याकडे मृग कोरडा गेला की गावोगाव धोंडी काढतात. अंगाला लिंबाचा पाला बांधलेले पोर दारोदार फिरते आणि घरातली बाई त्याच्यावर तांब्याभर पाणी ओतते. ती समाजाची सामूहिक प्रार्थना आहे, तिचे स्थान तिला आहे. पण त्याच गावात चाड्यावर मूठ धरायची की आठ दिवस थांबायचे, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे उभा असतो. तो छत्रीचा प्रश्न आहे. दुबार पेरणीने मोडलेला संसार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

यंत्र शिकते म्हणजे काय होते? साठ पावसाळे पाहिलेला एखादा जाणता कुणबी वारा कोणीकडचा आहे, मुंग्या काय करताहेत, रात्रीचा उकाडा कसा आहे हे पाहून म्हणतो, "परवापर्यंत थांबा." त्याला नियम विचारला तर सांगता येणार नाही. साठ उदाहरणांतून तो शिकलेला असतो. यंत्रही असेच शिकते. त्याला नियम लिहून देत नाहीत. हजारो-लाखो जुन्या नोंदी आणि त्यांचे परिणाम त्याच्यापुढे ठेवतात आणि दोहोंतील संबंध ते शोधून काढते. फरक इतकाच, की कुणब्याची साठ वर्षे एका शिवारातली असतात आणि यंत्राची उदाहरणे साऱ्या देशातली असू शकतात.

२०२५ च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने हा प्रयोग केला. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित मॉडेलांच्या साह्याने मान्सूनच्या स्थानिक आगमनाचे अंदाज तयार केले आणि तेरा राज्यांतील काही भागांत सुमारे ३ कोटी ८८ लाख शेतकऱ्यांना भ्रमणध्वनीवर पाठवले. ज्या पाच भारतीय भाषांतून ते गेले त्यांत मराठी होती. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मे रोजीच आला, दोन दिवसांत मुंबई गाठली आणि मग मध्येच अडखळला. लवकर आलेल्या पावसावर विसंबून पेरण्या होण्याचा धोका अशाच वर्षी सर्वांत मोठा असतो. या अंदाजात त्या खंडाचीही सूचना होती. शेतकऱ्याच्या हाती आलेली ही छत्रीच म्हणायची.

मोजणीची जुनी परंपरा

राज्यकारभारासाठी निसर्ग मोजावा, ही कल्पना परक्यांकडून आलेली नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी पर्जन्यमापक भांडे ठेवण्याचा निर्देश आहे आणि शेतीच्या अधिकाऱ्याच्या प्रकरणात देशोदेशींचे पर्जन्यमान वेगवेगळे नोंदवले आहे. त्यात अवंती आहे, अपरांत म्हणजे कोकण आहे आणि अश्मकही आहे. अश्मक म्हणजे गोदावरीचा प्रदेश. त्याची राजधानी नांदेडच्या सीमेपलीकडे असलेल्या बोधनला होती, असे अनेक इतिहासकार मानतात. पाऊस किती पडला यावरून पेरा ठरावा, हे सूत्र या भूमीला दोन हजार वर्षांपासून परिचित आहे.

अलीकडच्या काळात पिकाची मोजणी 'आणेवारी'ने होऊ लागली. सोळा आणे पीक म्हणजे पूर्ण पीक. दशमान नाणी आल्यावर आणेवारीची पैसेवारी झाली. नजर, सुधारित आणि अंतिम अशा टप्प्यांनी ती जाहीर होते आणि ५० पैशांच्या आत आली तर टंचाईच्या सवलती मिळतात. नांदेड-लातूरच्या प्रत्येक गावात या आकड्यावरून दरवर्षी कुजबुज होते, मोर्चे निघतात. डोळ्यांनी पाहून ठरवलेला आकडा वाद निर्माण करणारच.

हा वाद शास्त्राच्या पातळीवर नेण्याचे काम एका मराठी माणसाने केले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे ते गणिती. शेतातला ठरावीक मापाचा तुकडा यदृच्छेने निवडायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे, तोलायचे आणि त्यावरून सबंध क्षेत्राचा उतारा काढायचा, ही पीककापणी प्रयोगाची पद्धत. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस अशाच पाहण्या लहान तुकड्यांवर करत होते. सुखात्म्यांनी दाखवून दिले, की तुकडा फार लहान घेतला तर कडेवरची रोपे हिशेबात ओढली जातात आणि उतारा प्रत्यक्षाहून अधिक दिसतो. १९४६ मध्ये 'नेचर' या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्यांनी ते मांडले. दोन थोर भारतीयांमधला हा वाद तुकडा किती फुटांचा घ्यावा यावर होता. वरवर क्षुल्लक वाटणाऱ्या त्या प्रश्नावर देशात धान्य पुरेसे आहे की आयात करावी लागेल, हा निर्णय अवलंबून होता.

उपग्रहाला शेंगा दिसतात का?

आज पंतप्रधान पीक विमा योजनेत महसूल मंडळातील प्रमुख पिकासाठी किमान दहा पीककापणी प्रयोग अपेक्षित असतात. मागील सात वर्षांतील चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिच्यावरून उंबरठा उत्पन्न ठरते आणि मंडळाचे उत्पन्न त्याखाली गेले तरच भरपाई मिळते. म्हणजे या दहा प्रयोगांच्या तराजूवर हजारो कुटुंबांची दिवाळी टांगलेली असते. तो तराजू हलवण्याचा मोह विमा कंपनीला होतो तसा गावालाही होतो. वेळेवर न झालेले प्रयोग, बांधावर बसून भरलेले तक्ते आणि त्यावरचे वाद सर्वांच्या परिचयाचे आहेत.

यावर उपाय म्हणून केंद्राने 'यस-टेक' ही तंत्राधारित उत्पन्न-अनुमानाची पद्धत २०२३ च्या खरिपापासून भात व गव्हासाठी आणली आणि २०२४ पासून ती सोयाबीनलाही लागू केली. उपग्रहाच्या प्रतिमा, हवामानाच्या नोंदी आणि यंत्रशिक्षणाची मॉडेले वापरून निघालेल्या उत्पन्नाला अंतिम आकड्यात किमान तीस टक्के वजन दिले जाते. सोयाबीन हे लातूर-नांदेडचे मुख्य खरीप पीक आणि लातूरची बाजारपेठ त्याच्या भावाचा काटा. त्यामुळे हा बदल इथल्या घराघराशी निगडित आहे.

याचा लाभ उघड आहे. उपग्रह कुणाचा पाहुणा नसतो. राज्याची एक रुपयात पीक विमा योजना २०२३ ते २०२५ या काळात चालली, तेव्हा पेरा नसलेल्या जमिनींवर विमा उतरवल्याची प्रकरणे बाहेर आली आणि लाखो अर्ज बाद झाले. अशी लबाडी अर्ज आणि प्रतिमा ताडून काही दिवसांत पकडता येते. खोट्या अर्जदाराने नेलेला पैसा खऱ्या नुकसानग्रस्ताच्या ताटातला असतो, हे समाजानेही स्वच्छ बोलले पाहिजे.

पण मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. उपग्रह पिकाचा हिरवेपणा मोजतो. सोयाबीनची झाडे कमरेपर्यंत वाढावीत आणि त्यांना शेंगाच लागू नयेत, हे दृश्य इथल्या शेतकऱ्याने पाहिलेले आहे. आकाशातून ते शेत समृद्ध दिसते. काढणी झाल्यावर गंजीवर पाऊस पडून दाण्याला कोंब फुटतात, तेव्हा शेत रिकामे झालेले असते आणि प्रतिमेत काहीच उमटत नाही. शिवाय खरीप म्हणजे ढगांचा काळ. साध्या कॅमेऱ्याला ढगाआडचे दिसत नाही, रडारला दिसते. इस्रो आणि नासा यांचा 'निसार' उपग्रह ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून झेपावला. त्याच्यावर असे रडार आहे, त्यामुळे ही अडचण पुढे कमी होईल. शेंगांचा प्रश्न मात्र शेतात उतरूनच सुटेल.

त्याहून मूलभूत गोष्ट अशी, की हे यंत्र शिकते ते पीककापणी प्रयोगांच्याच जुन्या नोंदींवरून. तेच त्याचे गुरुजी. बांधावर बसून भरलेला तक्ता त्याला खरा म्हणून शिकवला, तर ते तसाच खोटा आकडा काढेल आणि तोही मोठ्या आत्मविश्वासाने. सुखात्म्यांचा प्रश्न जुना झालेला नाही. आज तो अधिकच महत्त्वाचा ठरला आहे, कारण एका चुकीच्या तुकड्याची शिकवण आता सबंध राज्याच्या अनुमानात उतरू शकते.

रेणापूरचा धडा

२०१६ च्या केंद्रीय दुष्काळ संहितेने पैसेवारीऐवजी पावसाची तूट, पावसातील खंड, वनस्पतींची स्थिती, जमिनीतील ओल, पेरणीचे क्षेत्र असे शास्त्रीय निर्देशांक आणले. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राने त्यासाठी 'महामदत' प्रणाली उभी केली. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यातील चाळीस तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. लातूर जिल्ह्यातील एकच तालुका त्यात होता, रेणापूर. तालुक्याच्या सीमेवर पाऊस थांबत नाही आणि दुष्काळही थांबत नाही. असंतोष झाला. नोव्हेंबरमध्ये शासनाने सरासरीच्या ७५ टक्क्यांहून आणि ७५० मिलिमीटरहून कमी पाऊस, असा साधा निकष लावून आणखी १०२१ महसूल मंडळांत दुष्काळसदृश स्थिती जाहीर केली. गुंतागुंतीच्या निर्देशांकांनी जे हेरले नाही, ते एका साध्या वजाबाकीने भरून काढावे लागले. निर्देशांक निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ नाही. त्यांचा निकाल लोकांना पटेल असा समजावून सांगता आला नाही आणि चूक दुरुस्त करण्याची ठरलेली वाट नव्हती, हे मात्र खरे.

अतिवृष्टीचेही तसेच. मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. मंडळात गावे अनेक आणि पर्जन्यमापक एक. 'महावेध' प्रकल्पाने राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी केली, ही मोठी झेप आहे. तरीही ढग एका शिवारावर फुटतो आणि शेजारी ऊन असते. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात अतिवृष्टी झाली आणि लेंडी प्रकल्पाच्या पाण्याने हसनाळसारख्या गावांना वेढले. पाणी रात्रीत घरात शिरले, माणसे आणि जनावरे गेली. अशा लहान नद्यांवर मापके थोडी असतात. जिथे मापक नाही तिथेही इतर खोऱ्यांच्या अनुभवावरून पुराचा अंदाज बांधणे यंत्रशिक्षणाने शक्य होऊ लागले आहे. केंद्रीय जल आयोगाने २०१८ मध्ये गुगलच्या सहकार्याने पाटण्याच्या परिसरातून असा प्रयोग सुरू केला. लेंडी, मन्याड, तेरणा या नद्यांना त्याची गरज गंगेपेक्षा कमी नाही.

सीमेपलीकडचे उदाहरण

देगलूर, बिलोली, धर्माबादच्या लोकांचे तेलंगणात सोयरेसंबंध आहेत. त्या राज्याने संगणकीय पडताळणीच्या आधारे मोठ्या प्रमाणावर शिधापत्रिका रद्द केल्या. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जुळवून यंत्राने 'हे कुटुंब अपात्र' असे ठरवले. ज्याचे नाव कुणा गाडीमालकाच्या नावाशी जुळले, त्या मजुराने दाद कुठे मागायची? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने रद्द झालेल्या सुमारे १९ लाख शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. समृद्ध नेदरलँड्समध्येही बालसंगोपन अनुदानाच्या छाननीत हजारो निरपराध पालक फसवे ठरवले गेले, त्यात संगणकीय जोखीम-निवडीचा वाटा होता. त्या अन्यायाची जबाबदारी घेऊन जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

दोन्ही ठिकाणी यंत्र चुकले, ही लहान गोष्ट होती. माणसेही चुकतात. मोठी गोष्ट ही, की यंत्राचा शब्द अंतिम मानून अधिकाऱ्याने दाराशी जाणे सोडले. अंत्योदयाचा विचार मानणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. रांगेतला शेवटचा माणूसच यंत्राच्या नोंदीत सर्वांत पुसट असतो. त्याचा सातबारा वडिलांच्या नावावर असतो, तो बटाईने कसतो, ऊसतोडीला गेल्याने पाहणीच्या दिवशी गावात नसतो. त्याचे उदाहरणच यंत्रापुढे गेलेले नसते.

किल्लारी काय सांगते?

नोंद नाही म्हणजे धोका नाही, ही समजूत किती महाग पडते हे लातूरइतके कुणाला ठाऊक? ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटे. भूकंपप्रवणतेच्या तेव्हाच्या नकाशात हा प्रदेश सर्वांत सुरक्षित गटात होता. दगड-मातीच्या धाब्याच्या घरांखाली सुमारे दहा हजार माणसे गेली. वर्षभर आधी, ऑक्टोबर १९९२ मध्ये किल्लारी परिसराला धक्के जाणवले होते, लोक भयभीत होऊन बाहेर झोपत होते. नकाशा मात्र भूतकाळावर बेतलेला होता. आजचे यंत्र तेव्हा असते आणि त्याला केवळ त्याच नोंदी शिकवल्या असत्या, तर त्यानेही किल्लारी सुरक्षितच ठरवली असती. आजही भूकंपाचा दिवस सांगणारे यंत्र जगात कुठे नाही. कोणती घरे पडतील, हे मात्र आधी सांगता येते आणि जीव तिथेच वाचतात.

काही प्रश्न अंदाजाचे नसतातच. धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्याचे दरवाजे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे ठेवावे लागतात. पाणी वाहून जाते आणि दरवाजे बंद होतात तेव्हा गोदावरीचा भर ओसरलेला असतो. ऑक्टोबरात किती पाणी येईल, हे यंत्र सांगू शकेल. ते कुणाचे, हे दोन राज्यांनी समजुतीने ठरवायचे आहे. चांगला अंदाज त्या चर्चेला आधार देईल, चर्चेची जागा घेणार नाही.

करावयाच्या गोष्टी

महाराष्ट्राने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे स्वतंत्र धोरण स्वीकारले आणि पहिल्या तीन वर्षांसाठी पाचशे कोटी रुपयांची तरतूद केली. पैसा आणि यंत्रे येतील. समाजाने काय मागावे?

पहिली मागणी, मंडळाचा आकडा कसा निघाला हे मराठीत, ग्रामसभेत, फलकावर लागावे. दहा पीककापणी प्रयोग कोणत्या गटांत झाले, किती दाणा तोलला गेला आणि उपग्रहाने काय सांगितले, हे गावाला वाचता आले पाहिजे. दुसरी मागणी, यंत्राने नाकारलेल्या प्रत्येकाला ठरावीक मुदतीत प्रत्यक्ष पाहणी मागण्याचा हक्क असावा आणि निर्णयाखाली यंत्राची नव्हे, माणसाची सही असावी. तिसरी मागणी नसून कर्तव्य आहे. ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून शेतकऱ्याच्या हातात आहे. तिच्यात खोटा पेरा नोंदवणारा शासनाला फसवतो, त्याबरोबरच उद्याच्या यंत्राला खोटे शिकवून शेजाऱ्याचेही नुकसान करतो.

आणि हे काम परक्यांवर सोडण्याचे कारण नाही. नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, परभणीचे कृषी विद्यापीठ, लातूरची महाविद्यालये यांतून संगणकशास्त्र आणि संख्याशास्त्र शिकणारी शेतकऱ्यांचीच मुले आहेत. त्यांनी एका हंगामात आपापल्या मंडळातील विहिरींची पाणीपातळी मोजावी, पीककापणीच्या वेळी हजर राहावे, तराजू पाहावा. सुखात्म्यांची विद्या शेतात उभे राहूनच मोठी झाली.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारे उघडली. भूक दाराशी आली होती, ती ओळखायला त्यांना कोणत्याही निर्देशांकाची गरज पडली नाही. पुढच्या वेळी मांजरेचे पाणी आटू लागेल तेव्हा यंत्र ऑक्टोबरातच सांगेल, आजही ते सांगता येते. त्याच ऑक्टोबरात कोठाराची किल्ली फिरवणारा हात प्रशासनात असावा आणि त्याच्यामागे जागा समाज उभा असावा. मग लातूरच्या फलाटावर पाण्याची गाडी पुन्हा येण्याचे कारण उरणार नाही.